बिजलीचा शजरा

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा एका डॉग शोमधून तोंड पाडून परत आला. त्याची कुत्री हरली असती तर त्याला एवढं लागलं नसतं. तिला रिंगणात उतरताच आलं नाही.

बिजली ही कारवानी जातीची. दोन वर्षांपूर्वी जत तालुक्यातल्या एका वाडीवरून, धनगराच्या घरातून त्याने ते पिल्लू आणलं. ज्यांच्याकडून आणलं त्यांना सगळे तात्या म्हणतात. पोट पाठीला लागलेलं, छाती खोल, मान लांब, पाय वेताच्या काठीसारखे. ती पळायला लागली की बघणारा बोलायचं विसरतो. अशी कुत्री घेऊन पोरगं पहाटेच्या एसटीऐवजी मित्राची गाडी भाड्याने करून शोला पोचलं. नोंदणीच्या टेबलावर त्याला विचारलं गेलं की हिच्या वंशावळीचा कागद कुठे आहे? तो म्हणाला, कागद नाही, पण तात्यांना हिच्या पिढ्या तोंडपाठ आहेत. टेबलामागे दोघंजण हसले. मग त्यांनी नियम समजावून सांगितला : आधी नोंद, मग रिंगण. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. हसले नसते तर बरं झालं असतं, एवढंच.

रात्री त्याचा फोन आला. "मामू, कुत्ते के दादा-परदादा का नाम बी कागद पे होना बोलते. ये कबसे शुरू हुआ?"

प्रश्न रागातला होता, पण इतिहासाचा होता. मी त्याला म्हटलं, बघून सांगतो. बघता बघता चार महिने गेले. जे सापडलं ते इथे मांडतो.

कागदाचं वय आधी सांगतो. दीडशे वर्षांहून थोडं जास्त. २८ आणि २९ जून १८५९ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं. कोंबड्यांच्या प्रदर्शनाला जोडून भरवलेला तो कार्यक्रम. फक्त पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांसाठी, आणि एकूण कुत्री साठ. बक्षीस म्हणून तिथल्याच एका बंदूकवाल्याने बनवलेल्या दुनळी बंदुका. गंमत अशी की पॉइंटरमध्ये जिंकलेला कुत्रा सेटरच्या परीक्षकाचा होता, आणि सेटरमध्ये जिंकलेला पॉइंटरच्या परीक्षकाचा! भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो चार महिन्यांत पहिल्यांदा मनापासून हसला.

अशा भानगडी वाढल्या. एकाच नावाची डझनभर कुत्री, कोणाचा बाप कोण याचा पत्ता नाही, आज एका नावाने जिंकलेला कुत्रा उद्या दुसऱ्या नावाने हजर. त्यावर उपाय म्हणून १८७३ साली शर्ली नावाच्या पार्लमेंट सदस्याने बारा मित्रांना जमवून लंडनमध्ये केनेल क्लब काढला. पुढच्याच वर्षी पहिलं वंशावळीचं पुस्तक आलं. त्यात १८५९पासूनच्या प्रदर्शनांतली चार हजारांवर कुत्री नोंदवलेली होती. तेव्हा कागद जन्मला तो लबाडी रोखायला. त्याची थट्टा करण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं.

धंदाही लगेच मागे आला. कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या कंपनीत नोकरीला लागलेल्या चार्ल्स क्रफ्टने १८९१ साली लंडनच्या इस्लिंग्टन भागात स्वतःच्या नावाने प्रदर्शन भरवलं. व्हिक्टोरिया राणीचे पोमेरेनियन त्यात उतरले, आणि राणीची कुत्री म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. तेच क्रफ्ट्स आज जगातलं सर्वांत नावाजलेलं डॉग शो आहे.

पण कागद नव्हता तेव्हा जात नव्हती का? इथे मला आपल्याच घरात डोकावावं लागलं.

आमच्या घरात कुत्र्याचा विषय निघाला की अम्मी एकच वाक्य बोलते. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत. भाच्याने बिजली आणली तेव्हा माझ्या बहिणीच्या घरी आठवडाभर हेच चाललं होतं. आम्ही हनफी. कुत्र्याची लाळ लागली की कपडा धुवायचा, भांडं धुवायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. कोकणातले आमचे शाफई नातेवाईक याहून कडक. उलट मालिकी फिकहमध्ये जिवंत कुत्रा नापाक मानत नाहीत. शिकारीसाठी, गुरामेंढरांसाठी, शेताच्या राखणीसाठी कुत्रा ठेवायला हदीसमध्येच सूट आहे. आणि कुरआनच्या सूरह माइदाहमध्ये शिकवलेल्या शिकारी जनावराने धरलेली शिकार हलाल ठरवताना जो शब्द आला आहे, ‘मुकल्लिबीन’, तो ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा याच शब्दापासून बनला आहे. हे मी अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, "शिकारीला जातंय कोण?" हा मुद्दा तिने बरोबर पकडला. त्याकडे पुढे येतोच.

अरबांनी शिकारी कुत्रा नुसता चालवून घेतला असं नाही, त्याच्यावर जीव टाकला. सलूकी हा त्यांचा वाऱ्याचा कुत्रा. बदूंमध्ये त्याला ‘कल्ब’ म्हणत नसत. तो ‘हुर्र’, म्हणजे कुलवंत. तंबूत त्याला जागा मिळे. चांगला सलूकी विकायचा नसतो, मानाने भेट द्यायचा असतो, अशी रीत. अब्बासी काळात अबू नुवासने शिकारीवर कविता लिहिल्या तेव्हा त्यांतला नायक कित्येकदा कुत्राच होता. जाहिजच्या ‘किताब अल-हयवान’मध्ये कुत्र्याची बाजू आणि कोंबड्याची बाजू असा लांबलचक वादच रंगला आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये इब्न अल-मर्जुबानने एक पुस्तक लिहिलं. त्याचं नावच असं की अंगावर कपडे घालणाऱ्या अनेकांपेक्षा कुत्रे कसे श्रेष्ठ. दरबारातल्या मित्रांना कंटाळलेल्या माणसालाच असं नाव सुचू शकतं. क्रुसेडच्या काळातल्या उसामा इब्न मुन्किजच्या आठवणी वाचल्या तर वडिलांच्या शिकारीच्या हकिगतींत बाज आहेत, पाळलेला चित्ता आहे आणि सलूकीही आहेत.

या लोकांना पैदास कळत होती. शिकारीवरच्या अरबी ग्रंथांत चांगल्या कुत्र्याच्या खुणा लिहिलेल्या आहेत : मान लांब, डोकं लहान, छाती खोल. आजच्या ब्रीड स्टँडर्डमध्ये याहून फार वेगळं काही नसतं. कोणत्या मादीला कोणता नर लावायचा हे टोळीतली माणसं पिढ्यान् पिढ्या ठरवत आली. आपल्याकडे खानदानाच्या वंशवृक्षाला शजरा म्हणतात. भिंतीवर चौकटीत टांगलेला शजरा अनेक घरांत असतो. सलूकीचा शजरा माणसांच्या डोक्यात होता.

हिंदुस्थानातही तेच. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’मध्ये लिहून ठेवलंय की अकबराला कुत्र्यांची आवड होती, देशोदेशींहून तो ते मागवायचा, आणि उत्तम कुत्री काबूलकडून, विशेषतः हजारा भागातून यायची. त्यांना दागिने घालत, नावं ठेवत. जहांगीरला इंग्रजांचा वकील टॉमस रो याच्याकडून मॅस्टिफ कुत्री मिळाली. रोचा पाद्री एडवर्ड टेरी सांगतो की बादशहाने प्रत्येक कुत्र्याला चार नोकर दिले, पालखी दिली, आणि स्वतःच्या हाताने घास भरवता यावा म्हणून चांदीचा चिमटा बनवून घेतला. बघा, हात न लावता लाड करायची युक्ती! अम्मीला ही गोष्ट फार आवडली. पालखीचा मान आपल्याकडे साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्यालाही होता असं सांगतात. संगम माहुलीला त्याचं स्मारक आहे.

आता डोक्यातला शजरा कागदावर कसा गेला ते सांगतो, कारण भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

इंग्लंडमध्ये नॉरफोकला डिडलिंग्टन हॉल नावाची हवेली होती. मालक लॉर्ड अ‍ॅम्हर्स्ट, ईजिप्तच्या प्राचीन वस्तूंचे मोठे संग्राहक. पुढे तुतनखामेनची कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरला लहानपणी ईजिप्तचं वेड याच घरातल्या संग्रहाने लावलं. त्या घरातल्या मुलीला, फ्लॉरेन्स अ‍ॅम्हर्स्टला, वेड लागलं सलूकीचं. १८९५ साली तिने ईजिप्तमधल्या सालिहिया भागातून सलूकीची जोडी मिळवली. इंग्लंडमध्ये याआधीही असे काही कुत्रे आले होते, पण त्यांची पैदास धरून ठेवून, जात म्हणून मान्यता मिळवायची खटपट तिने केली. ती या क्षेत्रात नवखी होती. नवख्या माणसाने करायचं ते तिने केलं : ज्यांचे कुत्रे होते त्यांनाच विचारलं. अरब त्यांना काय म्हणतात, कसे वाढवतात, कोणत्या भागातला कुत्रा कसा असतो, हे सगळं गोळा करून १९०७ साली एका मोठ्या श्वानग्रंथात तिने त्यावर प्रकरण लिहिलं.

तरी मान्यतेला १९२३ साल उजाडावं लागलं. मधल्या पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईन-सीरियाकडे गेलेले इंग्रज अधिकारी परत येताना सलूकी घेऊन आले, तेव्हा कुठे इंग्लंडमध्ये पुरेशी संख्या झाली. अठ्ठावीस वर्षं! आमचं पोरगं एका सकाळी हिरमुसलं होतं. आणि जिने हे केलं तिला केनेल क्लबचं पूर्ण सभासदत्व मिळणं शक्यच नव्हतं, कारण ती बाई होती. बायकांसाठी वेगळी शाखा होती. मुख्य दरवाजा त्यांना १९७९ साली उघडला, तोही फ्लॉरेन्स नेगल नावाच्या दुसऱ्या एका म्हाताऱ्या पैदासकारिणीने कायद्याचा बडगा उगारल्यावर. टेबलामागचं हसू फार जुनं आहे.

१९२३ साली सलूकीचं जे मानक लिहिलं गेलं ते मला शहाणपणाचं वाटतं. नराची उंची तेवीस ते अठ्ठावीस इंच, माद्या बऱ्याच लहान असल्या तरी चालतील. पाच इंचांची सूट कोणी उगाच देत नाही. डोंगरातला सलूकी वेगळा, वाळवंटातला वेगळा, हे त्यांना अरबांकडून कळलं होतं आणि त्यांनी ते मान्य केलं.

पण दोन गोष्टी मनात राहतात. त्या काळातला इंग्लंडमधला सर्वांत गाजलेला सलूकी १९१९ साली दमास्कसमध्ये जन्मलेला. त्याचं नोंदवहीतलं नाव ‘सरोना केल्ब’. केल्ब म्हणजे कल्ब, साधा कुत्रा. ज्या जनावराला त्याच्या मुलखात कोणी कुत्रा म्हणत नव्हतं, ते कागदावर कुत्रा या नावाने अमर झालं.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. फ्लॉरेन्सची पहिली जोडी कोणाकडून आली, हे अनेक ठिकाणी असं लिहिलेलं सापडतं : ‘ट्रान्सजॉर्डनचे प्रिन्स अब्दुल्ला यांच्याकडून’. अब्दुल्लांचा जन्म १८८२चा, म्हणजे १८९५ साली ते तेरा वर्षांचे. ट्रान्सजॉर्डनची अमिरात १९२१ साली अस्तित्वात आली. म्हणजे जे राज्य नव्हतं त्याच्या राजाचं नाव लागलं. ज्या बदूंच्या तंबूत ती पिल्लं वाढली त्यांची नावं बाजूला पडली. नोंदवहीत आपण विकत घेणाऱ्याचं नाव वाचतो, आणणाऱ्याचं वाचतो. ज्याने हजार वर्षं रक्त राखलं तो ‘एक शेख’ होऊन जातो.

आपल्याकडेही राखणारे आणि नोंदवणारे वेगळे होते. रामपूर हाउंडचं श्रेय नवाब अहमद अली खान यांना दिलं जातं. अफगाणी ताजी आणि इंग्रजी ग्रेहाउंड यांच्या संकरातून त्यांनी ती जात घडवली म्हणतात. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी आपल्या मुलखातल्या बेडर लोकांकडची शिकारी कुत्री हेरली, त्यांची पैदास राखली आणि ती इंग्लंडच्या राजापर्यंत पोचवली, अशी हकिगत सांगितली जाते. मुधोळ आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. तिकडे मुधोळ, इकडे सोलापूर-सांगलीकडे कारवानी. नावावरून वाद घालणाऱ्यांनी घालावा. ‘कारवान’ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. अरब, इराणी, पठाण कोणाच्या तरी तांड्याबरोबर हे रक्त दख्खनमध्ये आलं असावं असा सगळ्यांचा तर्क आहे. बिजलीची लांबुडकी तोंडाची ठेवण बघितली की मलाही तो पटतो, पण तर्क तो तर्कच. जानेवारी २००५मध्ये टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली. त्यांत रामपूर आणि मुधोळ दोन्ही आहेत. राजाचं नाव लागलं म्हणून मुधोळ तिकिटावर पोचला. तात्यांच्या वाडीवर राजा नव्हता.

आता अम्मीचा प्रश्न. शिकारीला जातंय कोण? कोणीच नाही, आणि जायलाही नको. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ससा मारणं गुन्हा आहे. ज्या एका कामासाठी हा कुत्रा घडला तेच काम बंद झालं, आणि ते योग्यच झालं. मेंढरांच्या राखणीला तो उपयोगी आहे, पण मेंढरंही कमी होत चालली आहेत. मग ही जात टिकायची कशावर? उत्तर नावडतं असलं तरी खरं आहे : रिंगणावर, कागदावर आणि हौशी पोरांवर. म्हणून मी भाच्याला ‘सोड तो शो’ असं म्हटलं नाही.

मात्र कागदाची एक खोड त्याला नीट समजावली. पुस्तक बंद केलं की रक्तही बंद होतं. डाल्मेशियनची गोष्ट घ्या. ठिपके ठसठशीत यावेत म्हणून निवड करता करता त्या जातीतल्या नोंदणीकृत कुत्र्यांत एक दोष सार्वत्रिक झाला. लघवीत युरिक आम्ल जास्त, त्यामुळे खडे. निरोगी जनुक त्या जातीत उरलंच नव्हतं. १९७३ साली अमेरिकेत एका जनुकशास्त्रज्ञाने एकदाच पॉइंटरशी संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनच लावत नेला. दहाहून अधिक पिढ्या गेल्या, कुत्रे दिसायला शंभर टक्के डाल्मेशियन आणि खड्यांपासून मुक्त. तरी ब्रिटनच्या क्लबने त्यांना दारात घ्यायला २०१० साल उजाडलं, अमेरिकेच्या क्लबने २०११. अशुद्ध रक्त म्हणे! बाप-लेक, आई-मुलगा, भाऊ-बहीण यांच्या संकराची पिल्लं नोंदवायची नाहीत हा नियम तर ब्रिटिश क्लबने २००९ साली केला, तोही टीव्हीवरच्या एका माहितीपटाने गदारोळ उठवल्यावर. तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सख्खी लावायची नाही, हे सांगायला टीव्ही कशाला लागतो?" त्यांच्या वाडीवर नर बाहेरगावचाच आणायची रीत आहे.

हे सगळं ऐकून भाचा पुन्हा कामाला लागला. वाचलेल्या नियमांतले दोन त्याने फोनमध्ये लिहून ठेवलेत. पैदाशीबद्दलचे केंद्र सरकारचे नियम २०१७पासून आहेत : मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत लावायची नाही, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. बिजली आता दोन वर्षांची आहे, तरी तो म्हणतो, आधी डॉक्टरला दाखवीन, मग बघू. रोज सकाळी मैदानात तिला दोरीवर सरळ चालवतो. सगळ्यांत अवघड धडा वेगळाच निघाला. कारवानी कुत्र्याला परक्याचा हात सोसत नाही, आणि रिंगणात परीक्षक तोंड उघडून दात बघतो. त्यामुळे मोहल्ल्यातली पोरं आळीपाळीने परीक्षक होतात. बिजली आधी सगळ्यांकडे पाठ फिरवायची. आता माझ्या हातात दात दाखवते, बाकीच्यांना अजून वेळ आहे.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं तात्यांच्या वाडीवर गेलो. भाच्याने दोनशे पानी वही नेली होती. तात्या घोंगडीवर बसले आणि सांगू लागले. हिची आई चंदी. चंदीची आई निंबाळच्या पांढरीची. चंदीचा बाप उमदीचा, काळ्या तोंडाचा, एका मेंढ्याच्या बदल्यात आणलेला. कोण कोणत्या वेताची, कोण दुष्काळाच्या साली झाली, कोणाला साप चावला. भाचा भराभर लिहीत होता. पाचव्या पिढीला तात्या थांबले. बराच वेळ समोरच्या बाभळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्होरलं बापाला ठावं हुतं."

भाच्याने तिथे रेघ मारली आणि वही मिटली. मग नोंदणीचा अर्ज काढला. त्यात पैदासकाराच्या नावाचा रकाना असतो. पिल्लं झाली तेव्हा मादी ज्याची, तो पैदासकार. पोराने तिथे तात्यांचं पूर्ण नाव लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला.

"कुत्री तुझी. माझं नाव कशाला?" तात्या म्हणाले.

"तुमच्याकडंच झालीय ती, तात्या."

तात्यांनी पेन हातात घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि चौथीपर्यंतच्या शाळेतलं अक्षर आठवत, एकेक कान्हा-मात्रा सावकाश देत सही केली.